कोटणीसांची झोप

मागच्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर कामाला आलेला एक इंटर्न पानशेतच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. खडकवासला, डोणजे, खानापूर करत धरणाकडे येणारा हा रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळत येतो. एका वळणावर पोरगा वळलाच नाही, सरळ भातखाचरात गेला. चिखल होता म्हणून डोकं वाचलं, गळ्याजवळचं हाड तेवढं मोडलं. एक्स-रे उजेडाला धरून बघता बघता मी विचारलं, रात्री झोपला होतास का? तर नाही. आजारी मित्राची शहरातली रात्रपाळी त्याने केली होती आणि त्याआधीचा दिवसही उभ्यानेच गेला होता. मग फोन करून सुट्टी का नाही घेतलीस, असं विचारल्यावर त्याने खाली मान घातली आणि म्हणाला की, सर, पहिल्या दिवशी तुम्ही डॉ. कोटणीसांबद्दल सांगितलं होतं ना.

मी गप्प झालो. कारण सांगितलं होतं खरं. गेली कित्येक वर्षं इथे येणाऱ्या प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी चहा झाला की मी कोटणीसांची गोष्ट सांगत आलोय. कुठे सोलापूर, कुठे चीन, सलग तीन दिवस तीन रात्री शस्त्रक्रिया, बत्तिसाव्या वर्षी मृत्यू. गोष्ट संपली की पोरं नि:शब्द व्हायची आणि मला बरं वाटायचं. त्या एक्स-रेनंतर मी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचून काढली. या वेळी पुतळ्याकडे बघावं तसं नाही, केसपेपर वाचावा तसं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. घर बेताच्या परिस्थितीतलं. दोन भाऊ, पाच बहिणी. अशा घरातला मुलगा डॉक्टर होतो तेव्हा तो एकटा होत नाही, सगळं घर त्याच्या मागे ओढाताण करत असतं. मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या केईएमला, ते शिकले. ते कॉलेज तेव्हा नवंच होतं, आणि तिथे शिकवणारे सगळे भारतीयच असतील या अटीवर देणगीदारांनी पैसे दिले होते. परदेशी साहेबांशिवायही उत्तम वैद्यक चालवता येतं हे दाखवायची त्या वास्तूला ईर्ष्याच होती. त्या हवेत कोटणीस घडले. पदवीनंतर पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू होती.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं, वर्गणीतून बावीस हजार रुपये उभे राहिले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पारतंत्र्यातला देश दुसऱ्या संकटातल्या देशाला डॉक्टर पाठवत होता, हे आज वाचताना छाती फुगते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोट सुटली तेव्हा कोटणीसांना अठ्ठावीस पूर्ण व्हायचे होते. आमच्याकडे एम. एस. करणाऱ्या मुलांचंच वय.

चीनमध्ये आधी वुहान, मग यिचांग, मग चुंगकिंग. जपानी फौजा पुढे येत होत्या आणि इस्पितळं मागे सरकत होती. येनानला जायच्या आधीच घरून वडील गेल्याची बातमी आली. सोबत्यांनी परत जा असं सांगितलं. कोटणीस थांबले. इथे मी मुलांना नेहमी एक क्षण थांबून पुढे जायचो. आता मला वाटतं, इथे जास्त वेळ थांबायला हवं होतं. घरातला कर्ता माणूस गेलाय, मागे आई आणि भावंडं आहेत, मुलगा हजारो मैलांवर आहे. ते दु:ख त्यांनी कुठे ठेवलं? डॉक्टर जिथे ठेवतो तिथेच, दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या खाली. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. चिनी लोकांनी पाचही जणांना नावं दिली आणि प्रत्येकाच्या नावाला ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडलं. कोटणीस के दिहुआ झाले.

हळूहळू पथक विरलं. चोळकर आणि मुखर्जी परतले, पुढे अटलही प्रकृतीमुळे परतले. राहिले बसू आणि कोटणीस. १९४० च्या मध्यावर दोघं उत्तर चीनमधल्या, जपानी फळीच्या मागे असलेल्या डोंगराळ सीमाप्रदेशात पोचले. पुढे बसूंना येनानला परत बोलावलं गेलं. तिकडच्या डोंगरांत आपला म्हणावा असा एकच माणूस उरला.

तिथे त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर होऊन गेला होता. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून, छातीच्या शस्त्रक्रियांमधले नावाजलेले सर्जन. रक्तपेढी सैनिकापर्यंत नेण्याचं काम त्यांनी आधी स्पेनमध्ये केलं होतं. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस शत्रू जवळ आला असताना घाईत शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातात मोजे नव्हते. ते बोट घेऊन त्यांनी काम सुरूच ठेवलं, जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णावरही शस्त्रक्रिया केली. विष रक्तात पसरलं आणि १२ नोव्हेंबरला ते गेले. पेनिसिलिन माणसांच्या उपचारात यायला अजून अवकाश होता. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाने चालणाऱ्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. स्वत:च्या जखमेकडे बघायला सवड न मिळालेल्या डॉक्टरच्या नावाचं इस्पितळ, आणि त्याच्या खुर्चीत बसलेला दुसरा डॉक्टर. मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगितली, पण हे दोन मृत्यू एका ओळीत ठेवून कधी पाहिले नव्हते.

इस्पितळ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं काही नाही. शेतकऱ्यांची घरं, देवळं, मातीच्या भिंती, धाडीची बातमी आली की खेचरांवर चढवून हलवायची सामग्री. नाकेबंदीमुळे औषधांचा दुष्काळ. त्या परिस्थितीत १९४० च्या मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर कोटणीसांनी शस्त्रक्रिया केल्या, असं नोंदींत आहे. सलग बहात्तर तास न झोपता केलेलं ते प्रसिद्ध काम याच काळातलं. माणूस भाषाही शिकला. दुभाष्यावर न राहता चिनीत शिकवता यावं इतकी शिकला, कारण इस्पितळाबरोबर तिथली वैद्यकीय शाळाही त्यांच्याकडे होती. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि दुसरं, अधिक सविस्तर, लिहायला घेतलं.

मला विचाराल तर कोटणीसांचं खरं मोठेपण बहात्तर तासांत नाही, या शाळेत आहे. बहात्तर तास जागणारा सर्जन गेला की त्याचं काम थांबतं. शिकवलेली पोरं मागे राहतात. आपल्यामागे दुसरा उभा राहील अशी सोय करणं ही डॉक्टरकीतली फार वरची पायरी, आणि तिच्यावर चित्रपट निघत नाही. निघाला तो बहात्तर तासांवरच. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि स्वत:च कोटणीस झाले. माझ्या पिढीच्या आईवडिलांना कोटणीस ठाऊक झाले ते तिथून.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख ग्वो चिंगलान यांच्याशी झाली. त्या परिचारिका, तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी कोटणीसांसाठी लोकरीचा स्वेटर विणला होता, ही हकिकत चीनमध्ये अजून सांगतात. १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगचेन यांनी त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आता केसपेपरचा भाग. याच काळात कोटणीसांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. तिशीत पहिल्यांदा झटका आला तर आज आम्ही तो माणूस घरी सोडत नाही. मेंदूचं चित्रण करतो. डोक्याला जुना मार, मेंदूतली गाठ, मेंदूज्वराचा व्रण, पट्टकृमीच्या अळ्या अशा शक्यता एकेक करून तपासतो. मोठ्या माणसात नव्याने सुरू झालेलं फेफरं बहुतेक वेळा कशाचं तरी लक्षण असतं. तेव्हा यातलं काही नव्हतं. फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात होतं आणि फेनिटोइनचा उपयोग १९३८ मध्ये, म्हणजे राजपुताना बोट सुटली त्याच वर्षी, सिद्ध झाला होता. पण नाकेबंदीतल्या डोंगरात नियमित, रोज, वर्षानुवर्षं घ्यायची गोळी कुठून येणार? फेफऱ्याच्या रुग्णाला गोळीइतकीच आणखी एक गोष्ट लागते, आणि ती नाकेबंदीतही थोडीबहुत मिळू शकली असती. झोप. अपुरी झोप हे झटका ओढवून आणणाऱ्या सर्वांत ठळक कारणांपैकी एक. आमच्या बाह्यरुग्ण विभागात फेफऱ्याच्या प्रत्येक रुग्णाला मी हे बजावतो. यात्रेत रात्रभर जागू नका, रात्रपाळीची नोकरी बदला, एकट्याने धरणात पोहायला उतरू नका.

कोटणीसांना हे माहीत नसेल असं कसं म्हणायचं? ते डॉक्टर होते. वरिष्ठांनी त्यांना उपचारासाठी दुसरीकडे जायला सुचवलं, त्यांनी नकार दिला. काम चालूच राहिलं. दिवसा रुग्ण, मग वर्ग, रात्री दिव्याखाली पुस्तक. ८ डिसेंबर १९४२ च्या संध्याकाळी झटके सुरू झाले आणि एकामागून एक येत राहिले. ९ डिसेंबरच्या पहाटे ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं.

एकामागून एक येणारे असे झटके ही वैद्यकातली मोठी तातडी असते. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला झटका आपोआप थांबेल याची वाट बघायची नसते, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे थोडं विषयांतर झालं, पण आमच्या भागात कांदा अजून चालू आहे.

त्यांनी नकार द्यायला नको होता का? हे म्हणायची माझी प्राज्ञा नाही. युद्ध होतं, सगळ्या सीमाप्रदेशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सर्जन होते आणि ते निघून गेले असते तर त्या आठवड्यात कोणी तरी टेबलावर मेलं असतं. एका मोकळ्या माणसाने, डोळे उघडे ठेवून, स्वत:च्या आयुष्याचा केलेला तो हिशोब होता. मला खटकतं ते पुढचं. युद्धात, नाकेबंदीत, पर्याय नसताना एका माणसाने जे स्वत:हून दिलं, ते आपण शांततेच्या काळात, पर्याय असताना, दुसऱ्याच्या ड्युटीच्या तक्त्यात लिहून टाकतो. कमी भरलेल्या जागा, न आलेला बदली डॉक्टर, मंजूर न झालेलं पद या सगळ्यांवर कोटणीसांची शाल पांघरता येते. मीही पांघरत होतो. आणि हिशोबात एक माणूस आम्ही धरतच नाही. तो म्हणजे टेबलावर पडलेला रुग्ण. दमलेल्या डॉक्टरचा त्याग त्याच्याही खात्यावर पडतो, त्याला न विचारता.

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकात एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना तिसाव्या की बत्तिसाव्या तासाला मी इन्सुलिनच्या मात्रेत एक शून्य जास्त लिहिलं. वॉर्डातल्या सिस्टरने तो कागद माझ्यापुढे धरला आणि काही न बोलता बोट ठेवलं. त्या बाईंमुळे एक आजी घरी गेल्या. मी हे पुढची वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि सकाळच्या राउंडला तर मी अभिमानाने सांगत होतो की काल डोळ्याला डोळा लागला नाही.

शास्त्राचं याबाबत फारसं दुमत नाही. सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका अतिदक्षता विभागातल्या अभ्यासात, चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. पुढच्याच वर्षी असंही दिसलं की अशा लांब पाळीनंतर गाडी चालवणाऱ्या इंटर्नचा अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते. पानशेतच्या वळणावर जे झालं त्याचं हे जुनं, छापील स्पष्टीकरण. मी ते वाचलेलं होतं. तरी गोष्ट सांगत होतो.

नियमही नाहीत असं नाही. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्रीय योजनेत एका वेळी बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम साधारणपणे नसावं असं म्हटलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने आठवड्याची कमाल मर्यादा चौऱ्याहत्तर तास सुचवली. बत्तीस वर्षांत आकडा वर गेला, आणि आमच्या मुलांना तोही स्वप्नवत वाटतो. दरम्यान ऑक्टोबर २०१७ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत पहिल्यांदाच एक वाक्य घातलं. उत्तम सेवा देता यावी म्हणून मी स्वत:च्या प्रकृतीकडे लक्ष देईन, असा त्याचा आशय. स्वत:ला जपणं ही चैन असते असं आम्हाला शिकवलं होतं. इथे ते रुग्णाप्रती असलेल्या कर्तव्यांच्या यादीत बसलं.

चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात कोटणीस बेथ्यून यांच्याशेजारी विसावले आहेत. तिथेच त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे आणि तिथले विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून त्यांच्यासारखं काम करण्याची शपथ घेतात. सोलापुरात भैय्या चौकात त्यांच्या घरी स्मारक झालं आहे. ग्वो चिंगलान त्यांच्यामागे सत्तर वर्षं जगल्या, अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. यिनहुआही डॉक्टरकी शिकत होता. पदवी हाती यायच्या आधीच, १९६७ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला. त्या शपथेबद्दल वाचताना मला पुतळ्यापेक्षा त्या बाईंचीच आठवण जास्त येते.

कोटणीसांची गोष्ट मी अजूनही पहिल्या दिवशी सांगतो. ती सोडली तर मुलांवर अन्याय होईल. फक्त आता तिच्यात वैद्यकीय शाळा जास्त वेळ असते, बेथ्यून यांचं बोट असतं, फेफऱ्याचे झटके असतात आणि दोन्ही पुस्तकं असतात, पूर्ण झालेलं आणि अर्धं राहिलेलं. गोष्ट संपली की मी एकेकाला विचारतो, शेवटची सलग सहा तास झोप कधी झाली. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळे हसले. मग एक मुलगी बोटांवर मोजायला लागली, रविवार, शनिवार, शुक्रवार, आणि मोजता मोजता थांबली. मी तिला मागच्या खोलीतली खाट दाखवली. दुपारची ओपीडी आम्ही उरलेल्यांनी केली. गर्दी होती, पाऊस होता, शेवटचा रुग्ण गेला तेव्हा साडेचार वाजले होते. ती सहाला उठली आणि ओशाळून विचारू लागली की काही राहिलं का.